जिला ओढायची तिला विचारा

लाईलने परवा माझ्या अंगावर लाल रंगाने 'फुकट' असं लिहिलं. आधी मला धुवायचं तरी. धूळही न पुसता त्याने रंगाचा डबा हलवला आणि वीतभर उंचीची अक्षरं फवारली, तीही तिरकी. आता रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण मान वळवून वाचतो. हा माणूस माझ्या पोटात रांगायला शिकला, माझ्या फळीवर झोपून वाढला, आणि आज मला फुकट म्हणतो. भंगारवाला आला असता तर त्याने निदान घासाघीस तरी केली असती.

मित्रांनो, मी एक जुनी घरगाडी आहे. मला चाकं आहेत, छप्पर आहे, चूल आहे, न्हाणीघर आहे. इंजिन तेवढं नाही. पुढे कुणाचा तरी ट्रक लागतो, तेव्हा मी हलते. सध्या ओक्लाहोमात ओलेटा प्रुइट या बाईंच्या घरामागच्या कुरणात गवतात रुतून उभी आहे. ओलेटा फार शिकलेली नाही आणि मी तर शाळा पाहिली ती रस्त्याने जाताना. तिच्याबरोबर उभा जन्म काढल्यामुळे तिचीच जीभ मला लागली आहे. कुणाला झोंबली तर झोंबू दे.

माझा जन्म इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. रविवारी घोडागाडीने चर्चला जाणाऱ्या दाढीवाल्या माणसांनी मला बांधलं. लाकडाच्या फासळ्या, वर पत्र्याचं कातडं, आणि छपराच्या सांध्यांत पाणी अडवणारं लुकण. ते भरणारा म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, "हे दर वर्षी बघावं लागतं. पण बघणारं भेटेल तर." तेव्हा मला त्याचं बोलणं कळलं नाही. नवीन होते, चकचकीत होते, मला वाटलं मी अशीच राहणार.

मला पाहायला ओलेटा आणि तिचा नवरा व्हर्जिल आले. व्हर्जिल पाइपलाइनवर वेल्डर होता. या लोकांचं जगणं असं, की जमिनीखाली नळ जिकडे जातील तिकडे यांनी जायचं. काम संपलं की सगळा तळ एका सकाळीत उठतो. नवऱ्याच्या ट्रकचा हौदा वेल्डिंगचं यंत्र, नळकांडी आणि साखळ्यांनी भरलेला असतो. तो पुढे निघतो. मागून बायको दुसऱ्या ट्रकने घर ओढत नेते. पण दुकानात गेल्यावर विकणारा बोलतो नवऱ्याशीच. तसाच तो त्या दिवशीही बोलायला लागला.

ओलेटा मध्येच म्हणाली, "त्याला काय दाखवता? तो तर पुढे निघून जाणार. ओढणार मी आहे, निवडणारही मीच."

विकणारा हसला. व्हर्जिल टोपी मागे सरकवून म्हणाला, "तिचं ऐका. मी तीस वर्षांनीही तेच करणार आहे, तुम्ही आजच सुरू करा."

तिने शेजारची मोठी, दोन बाकांची गाडी सोडली आणि मला घेतलं. घरी नेऊन माझ्यात भांडी, कपडे, पाण्याची टाकी, डबे सगळं भरलं. जड सामान चाकांच्या पुढे, हलकं मागे. नाक हलकं राहिलं तर मागचा भाग रस्त्यावर झुलतो, हे तिला तिच्या बापाने गुरांची गाडी ओढताना शिकवलं होतं. मग ती मला धान्याच्या कोठारावर घेऊन गेली. तिथे गव्हाचे ट्रक तोलायचा काटा असतो. आधी तिने नुसता ट्रक तोलला, मग मला जोडून तोललं.

काट्यावरचा माणूस खिडकीतून ओरडला, "काय गं ओलेटा, गहू कधीपासून पडदे लावून यायला लागला?"

"तू तोल. भाव मी विचारलेला नाही."

ट्रकच्या पाठीवर बसलेला माझा भार त्याला पेलण्याइतकाच आहे हे कळल्यावरच ती निघाली. पुढे प्रत्येक मुक्काम हलताना तिने हेच केलं. तळावरच्या बायका नव्या सुनांना घेऊन माझ्याकडे यायच्या, सामान कसं लावलंय ते बघायला. ओलेटा दार उघडून बाजूला उभी राहायची आणि म्हणायची, "बघा, पण हात लावू नका." नॉर्थ डाकोटाच्या बर्फात, टेक्ससच्या धुळीत मी उभी राहिले. दर वसंतात ती शिडी लावून माझ्या छपरावर चढायची आणि सांधा सांधा बोटाने चाचपायची. माझ्या आत एक थेंब कधी गळला नाही. मित्रांनो, हे सांगताना मला अजून बरं वाटतं.

मग व्हर्जिलची छाती वेल्डिंगच्या धुराने भरली. माझ्याच पलंगावर, उशा रचून, तो बसूनच झोपायचा. एका सकाळी तो उठला नाही. ओलेटाने त्याचे बूट पायरीवरून आत आणले, मला ट्रकला जोडलं आणि घरी आणलं. त्यानंतर ती पुन्हा कुठल्या तळावर गेली नाही.

त्यांचा मुलगा लाईल बापासारखाच वेल्डर झाला. हात बापापेक्षा चांगला, असं लोक म्हणायचे. डोकं मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांत काय दिसतं तिकडे. त्याने शॉना नावाची मुलगी करून आणली. ती गावात केस कापायचं काम करायची. तिने आयुष्यात कधी काही ओढलं नव्हतं. ओलेटाने मला ट्रकला जोडलं, कुरणात बादल्या मांडल्या आणि तिला ट्रक चालवायला बसवलं.

शॉना घाबरून म्हणाली, "मिस ओलेटा, आरशात तुमचं घर माझ्या अंगावर येताना दिसतंय."

"येऊ दे. घर अंगावर येतंच. तू पुढे बघ."

"आणि उतारावर?"

"उतार लागायच्या आधी गिअर खाली. ब्रेक दाबून धरायचा नाही. दाब, सोड, गार होऊ दे, पुन्हा दाब. रस्त्यावर मागून कुणी भोंगा वाजवेल, त्याला वाजवू दे. त्याला तुझ्याशी लग्न करायचं नाहीये."

शॉना हसत सुटली आणि एक बादली आडवी झाली. पण ती शिकली. उलटं नेताना मला कोपऱ्यात अशी अलगद लावायची, की ओलेटाच्या तोंडून एकदा "बरं जमतं" एवढं निघालं. ओलेटाच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ. त्या दिवसापासून शॉना तिला 'मिस ओलेटा' सोडून 'आई' म्हणू लागली. पहिली काही वर्षं लाईल, शॉना आणि त्यांची मुलगी टेसा माझ्यातच राहिले.

तळावर मात्र बाकीच्यांकडे मोठ्या गाड्या येऊ लागल्या. त्यांना फिफ्थ व्हील म्हणतात. माझ्यासारखी ती ट्रकच्या मागच्या आकड्याला लागत नाही. तिची मान थेट ट्रकच्या हौद्यात टेकते आणि ती आपलं पाचव्या हिश्शाचं ओझं ट्रकच्या पाठीवर टाकते. उभी राहिली की भिंती दोन्ही बाजूंनी बाहेर सरकतात आणि आत दिवाणखाना होतो. मुकादम लाईलला चिडवायचा, "अजून आईच्या डब्यातच का रे?" लाईल हसायचा. आणि रात्री माझी कपाटं आपटायचा.

शेवटी तो मला घेऊन दुकानात गेला, मला देऊन मोठी घ्यायला. ओलेटा आणि शॉना बरोबर होत्या. माझ्याकडे बघून विकणारा म्हणाला, "ही राहू द्या तुमच्याकडेच." मी दाराशी उभी राहून पुढचं सगळं ऐकलं.

लाईलने तीन भिंती सरकणारी गाडी पसंत केली. आत शेकोटी होती. घरगाडीत शेकोटी.

शॉनाने विचारलं, "ही माझ्या ट्रकला लागणार. लाईलच्या हौद्यात तर यंत्र आहे. माझा ट्रक लहान आहे. झेपेल ना त्याला?"

"मॅडम, तुमचा ट्रक हिला आरामात ओढतो," विकणारा म्हणाला.

ओलेटा म्हणाली, "ओढतो ते ऐकलं. पाठीवर किती पेलतो ते सांगा. त्याच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. जा, वाचून या."

विकणाऱ्याने लाईलकडे बघितलं. लाईलने त्याला डोळा मारला. "आई, तू त्या खुर्चीत बस बरं. तुझ्या वेळचे ट्रक वेगळे होते."

"ट्रक वेगळे होते. उतार तेच आहेत."

"शॉना, तुला हवीय की नाही गाडी?"

शॉना म्हणाली, "मला शेकोटी नको, लाईल. मला थांबता यायला हवं."

"घाबरट कुठली," तो म्हणाला, आणि तिच्या गालाला हात लावून सही करायला गेला.

निघायच्या आदल्या दिवशी ओलेटाने शेवटचं सांगून पाहिलं. म्हणाली, भरलेली गाडी एकदा कोठारावरच्या काट्यावर घेऊन जा, म्हणजे कळेल. गहू कापणीचे दिवस होते. काट्यासमोर ट्रकांची रांग लागली होती. लाईल म्हणाला, "मुकादमाने सोमवारी बोलावलंय. मी गव्हाच्या रांगेत उभा राहू का?" शॉनाचा ट्रक मागून खाली बसला होता आणि पुढून वर उचलला होता, ते कळायला कुणी पंडित नको होता, माझ्यासारख्या पत्र्यालाही ते दिसत होतं. शॉना दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याकडे बघत उभी राहिली. मग ती माझ्याजवळ आली, माझ्या दाराची कडी उगाच एकदा वर-खाली केली आणि निघून गेली. टेसाला लाईलने आपल्या ट्रकमध्ये बसवलं, तिथे गाणी मोठ्याने लावता येतात म्हणून. तेवढ्यामुळे ती पोर वाचली.

पुढचं मी पाहिलं नाही. ग्लेंडा नावाची दुसऱ्या वेल्डरची बायको शॉनाच्या मागून आपली गाडी ओढत होती. मयत झाल्यावर ती झाकलेलं जेवण घेऊन आली आणि घरात माणसं फार म्हणून ओलेटाबरोबर माझ्या पायरीवर बसली. तिने जे सांगितलं ते असं.

वेस्ट व्हर्जिनियात घाट लागायच्या आधी दोघी पेट्रोलला थांबल्या होत्या. शॉना म्हणाली होती, "मागून कुणी ढकलतंय असं वाटतं, आणि स्टिअरिंग हातात येतच नाही." तिने लाईलला फोन केला. तो म्हणाला, सवय होईल, हळू ये. ती हळूच गेली. वरच गिअर खाली टाकला. ग्लेंडाला तिचे मागचे दिवे दिसत होते. लागत होते, विझत होते, पुन्हा लागत होते, शिकवल्यासारखे. उतार लांब होता. ओझ्याखाली दबलेलं ट्रकचं मागचं टायर तापून फुटलं. मग त्या घराने ट्रकला आडवं केलं आणि कठड्याबाहेर नेलं. लाईल आणि टेसा घाटाखाली वाट बघत होते. तो कणसं भाजून मिळतात अशा टपरीपाशी थांबला होता आणि त्याने तिच्यासाठीही एक घेऊन ठेवलं होतं.

ओलेटाने विचारलं, "ती ओरडली का?"

"मला ऐकू आलं नाही, मिस ओलेटा," ग्लेंडा म्हणाली.

लाईल परत आला तो कामावर गेलाच नाही. घरात बसून राहायचा. चाकं असलेलं काही त्याला डोळ्यांसमोर नको झालं, आणि डोळ्यांसमोर मीच होते. इकडे ओलेटाचे गुडघे गेले होते, शिडी चढणारं कुणी नव्हतं. माझे सांधे उघडले. पाणी आत आलं, फासळ्या कुजल्या, पलंगात उंदरांनी घरटी केली. मी कुणावर रागावले नाही. घरात माणूस गेल्यावर छपराकडे कोण बघतो.

पण मला एक गोष्ट सोसली नाही. लोक भेटायला यायचे आणि लाईल त्यांना सांगायचा. आधी म्हणायचा, वारा होता. मग म्हणायला लागला, रस्ता खराब होता. हळूहळू म्हणायला लागला, शॉनाला सांभाळता आली नाही. दर वेळी तो थोडा थोडा सुटत गेला आणि ती थोडी थोडी अडकत गेली. तिला तर उत्तर देता येत नव्हतं.

मित्रांनो, मी जाण्याआधी एवढं सांगते. घर चाकांवरचं असो की दगडाचं, त्याचं छप्पर वर्षातून एकदा हाताने चाचपा. गाडी घ्याल तेव्हा आतल्या शेकोटीवर भाळू नका; ती भरा, तोला, आणि पुढच्याला पेलते का ते बघा. जो ओढणार असेल त्याला विचारा. आणि त्याने 'नको' म्हटलं, तर त्याला घाबरट म्हणू नका.

आज सकाळी 'फुकट' वाचून एक माणूस आला. हरणांच्या शिकारीच्या दिवसांत रानात झोपायला त्याला मी हवी होते. त्याने माझं टायर बुटाने दाबून पाहिलं. टेसा माझ्या पायरीवर बाहुली घेऊन बसली होती. ओलेटा दोरीवर चादरी वाळत घालत होती.

"घरगाडीच फुकट देताय?" माणूस म्हणाला. "काही झालंय का हिच्यात?"

"हिच्यात काही नाही," लाईल म्हणाला. "दुसरी होती आमची, मोठी. बायको चालवत होती. उतारावर तिला जमलं नाही. गेली."

माणसाने टोपी काढली. टेसा बाहुलीचे केस सारखे करत, मान वर न करता म्हणाली, "मम्मीला ब्रेक लावता यायचा नाही."

ओलेटाने हातातली चादर परत टोपलीत टाकली. काठी न घेता, गवतातून पाय ओढत ती आली आणि लाईलच्या समोर उभी राहिली. तो तिच्यापेक्षा हातभर उंच आहे. तरी मान त्यानेच खाली घातली.

"आई, आता नको," तो म्हणाला.

"आताच," ओलेटा म्हणाली. "शॉनाला ब्रेक लावता येत होता. मी शिकवला होता, शेवटपर्यंत तसाच लावला तिने. तिने नको म्हटलं होतं, मी नको म्हटलं होतं, आणि गाडी तू घेतलीस. आता इथे पायरीवर बस आणि हे तुझ्या तोंडाने या पोरीला सांग. तोवर माझ्या घरात तुझं ताट वाढलं जाणार नाही."