थोरल्यावर ओतलेलं पाणी

थोरला एवढा तापलेला असताना त्याच्यावर गार पाणी का ओतलं? मी किती विचारलं! काचेला कोण उत्तर देतं?

मी अमळनेरच्या भटूच्या खिडकीचं आतलं तावदान बोलतोय. थोरला बाहेरचा. वना सुताराने एकाच काचेतून आम्हा दोघा भावांना कापलं. साल अठ्ठ्याऐंशी.

भटूची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली, मूठभर. "हिला उन्हाची झळ लागली तर जगायची नाही," असं डॉक्टर म्हणाले होते. आणि खोली पश्चिमेची! दुसरी पत्र्याची, ती तर भट्टीच. जुन्या लाकडी खिडकीच्या फटींतून गरम वारा सरळ पाळण्यावर यायचा. भटूने ती काढून आम्हाला बसवलं.

"एक खिडकीले दोन काचा कसाले रे?" त्याची मोठी बहीण लिलाबाई हसली. ती भावजयीच्या बाळंतपणासाठी सोनगीरहून आली होती.

"बर्फनी पेटी दुहेरीच ऱ्हास, अक्का. मधली हवा गरमी आडावस."

"मंग पोरीले पेटीमाच ठेव ना!"

पण खोली खरंच निवली. ऊन थोरला झेलायचा. माझ्यापर्यंत थोडंच पोचायचं.

लिलाबाईची सवय अशी, की ऊन उतरलं की अंगण, भिंती, सगळ्यावर पाणी मारायचं. एका दुपारी बाळ फार किरकिरलं. तिला ऊन उतरेपर्यंत धीर निघाला नाही. माठातलं पाणी तिने तांब्यातांब्याने थोरल्यावर फेकलं.

काडकन आवाज झाला. थोरला माझ्यासमोर खाली पडला.

"अक्का, हाई काय करं तू?"

"बठ्ठं घर गार व्हई, वाटनं माले..." ती तुकडे वेचत रडत होती.

त्यानंतर पाळण्यावर पडलेला उन्हाचा चौकोन माझ्यातून आलेला होता. बाळाचं अंग तापलं. तिची आई प्रमिला ओलं फडकं फिरवायची, तेव्हा मला तोंड लपवायला जागा नव्हती. काच ना मी! थोरला गेला आणि हा नालायक मागे उरला.

संध्याकाळी लिलाबाई चुन्याची बादली घेऊन आली. आधी तिने हाताच्या पाठीने मला चाचपलं. मी निवेपर्यंत ती थांबली. मग बाहेरून जाड चुना फासला. प्रमिला दिसेनाशी झाली, भटू दिसेनासा झाला, शेवटी पाळणाही.

दुसऱ्या दुपारी ऊन आलं. आत बाळ चुटूचुटू दूध पीत होतं, एवढंच ऐकू येत होतं. मी तो चुना अंगाला घट्ट धरून ठेवला.