उन्हातली झोप

खिडकीवर दोन पोती ठोकली, दाराच्या फटीत जुनी चादर कोंबली, तरी हिमांशूच्या खोलीत दुपार व्हायची ती व्हायचीच. आधी पोत्यांच्या विणीतून ऊन आत यायचं, आणि मग बाराच्या सुमाराला आई.

"उठ बाबू. भात निवून राहिला."

"माय, आत्ता कुठं डोळा लागला."

"आत्ता? लोकं अर्ध्या दिवसाचं काम करून जेवाले बसले, न् तू झोपूनच राहिला."

हिमांशू गोंदियाजवळच्या एका राईस मिलमध्ये रात्रभर बॉयलर सांभाळायचा. धान वाफवायचं काम. डोळा लागून चालत नाही. दिवसाची पाळी जोडीदार धर्मेंद्रकडे होती. त्याची पोरं लहान, तो ती सोडणार नव्हता. मिलमधल्या तपासणीत हिमांशूची साखर काठावर निघाली. पंचविशीतल्या पोराची साखर! डॉक्टरांनी सांगितलं, संध्याकाळी पोटभर जेव, रात्री काही खाऊ नको, सकाळी थोडंसं खा आणि सलग झोप काढ.

बी. एस्सी. झालेल्या हिमांशूने यावर मिळेल ते वाचून काढलं. अंधार पडला की शरीर साखर उरकायच्या कामात ढिलं पडतं. दिवसा पचणारा तेवढाच भात मध्यरात्री खाल्ला, तर साखर रक्तात कितीतरी वेळ रेंगाळते. झोप तुटत राहिली तर हे आणखी बिघडतं. त्याने रात्रीचा डबा बंद केला. ते त्याच्या हातात होतं. झोप नव्हती.

शेवटी त्याने आईला समोर बसवलं. "मले उठवू नको. मी तीनला आपणच उठीन. तू तुया वेळेवर जेवून घेत जा."

"बरं," मनकर्णाबाई म्हणाली. इतक्या सहज म्हणाली, की तेव्हाच त्याला शंका यायला हवी होती.

पुढचे काही दिवस तो मेल्यासारखा झोपला. उठला की विचारायचा, "जेवली काय?" ती म्हणायची, "जेवली न. तू बस." आणि त्याच्यासोबत पुन्हा थोडा भात घ्यायची. डोकं हलकं झालं होतं. बॉयलरच्या काट्याकडे बघताना आता पापण्या जड होत नव्हत्या.

एका दुपारी तहान लागली म्हणून तो मधेच उठला. आई चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर घाम, हात थरथरत होते. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सावरला.

"आले काय बजारातून?"

बजारात जायचे ते चैतराम. हिमांशूचे वडील. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

त्याने साखरेचा डबा ओढला, पाण्यात साखर कालवली आणि पेला तिच्या ओठांना लावला. घोट घोट करत तिने तो संपवला. तिचे डोळे त्याला ओळखेपर्यंत तो तिचा हात धरून बसला. मग त्याने भाताच्या गंजावरचं झाकण काढलं. भात वरून सपाट होता. पळी लागलीच नव्हती.

"सकाळची साखरेची गोळी घेतली होती?"

"घेतली न. डॉक्टरनं सांगितली तशी."

"डॉक्टरनं गोळीवर जेवाले सांगितलं, माय! ते गोळी पोटात गेली का साखर खाली ओढत राहते. तू जेव का नको जेवू. मले खोटं काऊन सांगत होती?"

"खोटं कायचं? तीन वाजता जेवतच होती तुयासंगं." ती भिंतीकडे बघत म्हणाली. "घरचा माणूस उपाशी न् मी गिळत बसू?"

"मी उपाशी नव्हतो. झोपलो होतो."

"झोपला माणूस उपाशीच राहते."

त्याने देवरीला दिलेल्या बहिणीला फोन लावला. मंजूने सगळं ऐकून घेतलं. "बाबा होते तवाही दिवे लागेपर्यंत वाट पाहायची, भाऊ. मी रडून पाहिलं, भांडून पाहिलं. आता तू पाहा."

तो पाहत राहिला. झोपून राहिलो तर ती गोळी घेऊन बसणार. बाराला उठलो तरी सकाळपासून बारापर्यंत ती गोळी पोटात. कोणी समोर बसून खाऊ घालावं, तर घरात दोघांशिवाय माणूस नाही.

दुसऱ्या दिवशी मिलमधून आल्या आल्या, अंगावरचा कोंडा न झटकताच, तो चुलीजवळ बसला.

"वाढ."

"आत्ता? चहा तर घे."

"भात वाढ. दोघांले. मंग गोळी घे."

त्याने थोडाच घेतला, तसा तिचाही हात थांबला. "चिमणीवानी खाशील त मले गोड लागन काय?"

त्याने आणखी भात ओढला, वर वरण. मग तिनेही घास उचलला. तो खायचा तेव्हा ती खायची. तो थांबला की थांबायची. तिचं ताट रिकामं होईपर्यंत तो खात राहिला.

नंतर तो आडवा झाला. छातीतून गळ्यापर्यंत जळत आलं, म्हणून उठून बसला. पुन्हा कूस बदलली. पोत्यांच्या विणीतून ऊन चादरीवर उतरलं होतं.

पलीकडून घोरणं ऐकू आलं. पोटभर जेवून मनकर्णाबाई चुलीजवळच पदर डोक्याखाली घेऊन झोपली होती. इतक्या सकाळी तिला झोपलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याला पाणी हवं होतं, पण माठ तिच्या उशाशी होता.

तो उघड्या डोळ्यांनी पडून राहिला. उद्याही तेवढाच भात खावा लागणार होता.