प्रश्नावर पांघरलेली शाल

मित्रांनो, मी एक जुनी शाल आहे. शाल म्हटलं की तुम्हाला ऊब आठवेल, पण ऊब माझ्याकडे मागू नका. मी सत्काराची शाल आहे. थंडीने कुडकुडणाऱ्याला मला कोणी देत नाही. ज्याच्या अंगात आधीच जाकीट असतं त्याच्या खांद्यावर मला टाकतात, फोटो काढतात आणि लगेच घडी घालतात. रंगाने मी डाळिंबी, काठ सोनेरी. दुरून पाहिलं तर मोठ्या घरची वाटते. जवळून पाहू नका, एवढंच सांगणं आहे.

माझा जन्म फार लांब, उत्तरेकडच्या एका यंत्रमागावर झाला. तिथून गठ्ठ्यात बांधून आम्हा बहिणींना नांदेडच्या ठोक बाजारात आणलं. दुकानदार गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचा, "पांघरायची पायजे का सत्काराची?" सत्काराची म्हटलं की तो आमच्या फळीकडे हात करायचा. आमच्यात सूत कमी आणि चमक जास्त. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट पांघरायच्या शालींची मला कीव यायची. बिचाऱ्या रोज कोणाच्या तरी खोकल्यात भिजायच्या.

माझा पहिला सत्कार लोह्याला झाला, एका मुख्याध्यापकांच्या निरोपाचा. त्यांनी मला पुढे कुस्तीच्या एका पंचाला दिलं. पंचाने धर्माबादला नेऊन एका मिरचीच्या व्यापाऱ्याला घातलं. त्या खांद्यावर मला शिंका आवरेनात. सत्काराची शाल कोणी वापरत नाही आणि टाकूनही देत नाही, ती पुढच्या सत्काराला कामी येते. असं खांद्याखांद्यावरून मी खूप हिंडले. प्रत्येक ठिकाणी टाळ्या वाजल्या आणि मला खरंच वाटत होतं की त्या माझ्यासाठी आहेत.

शेवटी जळकोटच्या वाटेवरच्या आमच्या या गावात, वैजनाथ गुरुजींच्या कपाटात येऊन पडले. गुरुजी निवृत्त शिक्षक. गावात कुठलीही सभा असो, माईकजवळ तेच उभे. कपाटात माझ्यासारख्या कितीतरी होत्या, डांबरगोळीच्या वासात एकमेकींवर निजलेल्या. कपाटाचं दार नीट लागत नसे, त्यामुळे घरातलं बोलणं मला ऐकू येई.

नगराध्यक्षाची निवडणूक लागली होती. थेट जनतेतून निवडायचा अध्यक्ष. उमेदवार दोनच तगडे. एक श्रीमंतराव, नगरपरिषदेत बरीच वर्षं काढलेले, बोलायला मिठ्ठास. दुसऱ्या तनुजाताई, वकिलीचं शिक्षण झालेल्या, मोठ्या घरच्या सूनबाई. गुरुजींच्या मनाने घेतलं की दोघांना टाऊन हॉलात समोरासमोर बसवायचं आणि लोकांनी प्रश्न विचारायचे.

चंद्रप्पा हॉटेलवाला त्यांना समजवायला घरी आला. "गुरुजी, हे कशाला करायलाव? दोघं एकमेकांचे सोयरे हायत. उद्या लग्नाकार्यात एका पंगतीत बसणार. तुमी गावात भांडण लावून द्यायलाव. आन जो प्रश्न इचारील त्याचं नाव दोन्हीकडं लक्षात राहील, त्याचं काय?"

"चंद्रप्पा, सोयरीक करताना आपण पोराला दहा प्रश्न इचारतो," गुरुजी म्हणाले. "गावाचा कारभारी निवडताना एक बी न्हाई?"

"पोरगं एक असतंय. इथं सगळं गाव हाय," चंद्रप्पा म्हणाला आणि चहा पिऊन गेला. त्याचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

पण गुरुजी हटले नाहीत. त्यांनी नियम केले. हार नाही, तुरे नाहीत, सत्कार नाही. प्रश्न विचारला की दोघांनी उत्तर द्यायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारणाऱ्याने खाली बसायचं नाही. हा शेवटचा नियम त्यांना फार आवडला होता. तो ते लक्ष्मीबाईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, सारखे वाचून दाखवत.

त्या नियमाचं कौतुक आणखी एका बाईला होतं. तिचं नाव भामाबाई. आठवडी बाजारात ती भाजी विकायची आणि इतर दिवशी टोपली घेऊन दारोदार फिरायची. लक्ष्मीबाईंच्या ओसरीवर बसून ती आपला प्रश्न घोकायची. मधेच एक शब्द यायचा आणि तिथे तिची जीभ अडायची. ती पदर तोंडाला लावायची. लक्ष्मीबाई म्हणायच्या, "अगं, मोघम म्हण. गैरसोय म्हण."

"मोघम म्हनलं की मोघम उत्तर येतंय, बाई," भामाबाई म्हणायची.

प्रश्न असा होता. बाजारात बायकांसाठी एक मुतारी होती. ती पाडून तिथे दुकानांचे गाळे झाले. तेव्हापासून भाजीवाल्या बायका उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तशाच बसायच्या आणि दिवसभर पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. भामाबाईच्या शेजारी बसणाऱ्या सरजाबाईला त्यापायी लातूरच्या दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं केलंत तर मूत्रपिंड जाईल. सरजाबाई परत बाजारात बसली, कारण बसल्याशिवाय चालत नव्हतं.

सभेच्या सकाळी लक्ष्मीबाईंनी कपाट उघडलं आणि मला काढून गुरुजींच्या पिशवीत सरकवलं. गुरुजी म्हणाले, "सत्कार करायचा न्हाई हे ठरलंय ना?"

"करू नका. पर पाहुण्याला रिकाम्या हातानं लावून देणं बरं दिसत न्हाई. असू द्या पिशवीत, लागली तर," लक्ष्मीबाई म्हणाल्या. गुरुजींनी मला बाहेर काढलं नाही. मी मात्र मनातल्या मनात खूश झाले. नियम गेला खड्ड्यात, मला टाळ्या हव्या होत्या.

टाऊन हॉल खचाखच भरला होता. आणि मित्रांनो, सभा चांगली चालली होती, हे मी आवर्जून सांगते. कोणी नालीचं विचारलं. श्रीमंतरावांनी विनोद केला, तर माणूस म्हणाला, "हसलो सायेब, आता उत्तर सांगा," आणि त्यांना सांगावं लागलं. तनुजाताईंनी एका प्रश्नावर "मला ठाऊक नाही, माहिती घेऊन सांगते" असं कबूल केलं, तेव्हा मागच्या रांगेतली माणसंसुद्धा सावरून बसली. भिंतीला टेकून उभा असलेला चंद्रप्पाही कान देऊन ऐकत होता. उमेदवार समोरासमोर आले तर काय होतं ते गाव पहिल्यांदा बघत होतं.

मग भामाबाई उठली. गुरुजींनी तिला मंचावर, माईकपाशी बोलावलं. मी टेबलाखालच्या पिशवीत होते. तिचे पाय मला दिसत होते. ती चपला खालीच काढून आली होती.

"आमी बाजारात बसतो," ती म्हणाली. "दिवसभर पानी पीत न्हाई. का पीत न्हाई ते सांगायला मला लाज वाटायलीय, पर सांगते. बायकाला मुतायला जागा न्हाई."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. भामाबाई थांबली, पण खाली बसली नाही.

"होती ती पाडून गाळे केले. आता तुमी दोघं सांगा, नवी कवा करनार? आन कुठं करनार? जागा सांगा. वायद्याचं बोलू नका."

हॉलमधल्या माणसांनी माना खाली घातल्या. कारण सगळ्यांना माहीत होतं. त्या गाळ्यांपैकी एकात श्रीमंतरावांच्या मेहुण्याचं दुकान होतं आणि दुसऱ्यात तनुजाताईंच्या दिराचं. जागा सांगायची म्हणजे तीच सांगावी लागणार होती. श्रीमंतरावांनी तनुजाताईंकडे पाहिलं. तनुजाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतका वेळ एकमेकांचे शब्द खोडणारी ती दोघं क्षणभर एका घरची माणसं दिसली.

श्रीमंतराव उठले. त्यांनी हात जोडले. "जी गोष्ट बोलायला आपन समदे लाजतो, ती ह्या माऊलीनं भर सभेत सांगितली. उत्तर तर आपन देऊच. पर आधी अशा माऊलीचा सत्कार झाला पायजे. गुरुजी, शाल हाय का?"

आणि गुरुजींचा हात टेबलाखाली गेला. त्यांनी विचार केला नाही. सबंध आयुष्यात मंचावर कोणी "शाल" म्हटलं की त्यांचा हात असाच जात आला होता. मी बाहेर आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मला जरा वेळ घट्ट धरून ठेवलं. श्रीमंतरावांनी मला ओढून घेतलंच. पण बाईला पुरुषाने शाल कशी घालायची? त्यांनी मला अदबीने तनुजाताईंच्या हाती दिलं. त्यांनीही ती संधी सोडली नाही. हसतमुखाने मला उलगडलं आणि भामाबाईच्या खांद्यांवर घातलं. सबंध सभेत दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच कामावर.

टाळ्या पडल्या. अशा टाळ्या मला उभ्या जन्मात मिळाल्या नव्हत्या. फोटोवाले पुढे सरसावले. भामाबाईचे खांदे माझ्याखाली ताठ झाले होते. ती म्हणाली, "ताई, जागा कुठली ते..." पण माईक कोणीतरी आधीच उचलला होता. आपल्याकडे सत्कार झालेल्या माणसाने हात जोडायचे असतात आणि मंचावरून उतरायचं असतं. ती उभी राहिली असती तर गाव म्हणालं असतं, एवढा मान दिला तरी बाईचं समाधान नाही. तिने हात जोडले. ती उतरली. भांडण टळलं म्हणून सुटकेचा श्वास टाकत चंद्रप्पाच पुढे आला आणि त्याने आभार मानायला सुरुवात केली.

मित्रांनो, त्या वेळी मला माझी लाज वाटली. ज्या टाळ्यांसाठी मी जगत होते त्या टाळ्यांच्या आवाजात एक प्रश्न बुडाला, आणि त्याला झाकायला मला वापरलं. आधीच्या सत्कारांतही कोणाकोणाचं तोंड मी असंच बंद केलं असेल, असं मनात येऊ लागलं. मी कधी त्या माणसांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं.

पेपरात फोटो आला. 'धाडसी भाजीविक्रेत्या भगिनीचा दोन्ही उमेदवारांकडून सत्कार.' धाडस कसलं केलं ते बातमीत नव्हतं.

बाजारच्या दिवशी भामाबाईने मला टोपलीत घालून नेलं. सरजाबाईने विचारलं, "काय म्हनाले गं?"

"शाल दिली."

"म्हंजी?"

"म्हंजी शाल दिली," भामाबाई म्हणाली आणि मेथीच्या जुड्या सोडायला लागली. इतर बायकांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग मान वळवली. त्यांनी तिला आपल्या सगळ्यांच्या वतीने पाठवलं होतं.

थोड्या वेळाने गुरुजी आले. हातात रिकामी पिशवी. बराच वेळ वांगी निवडत उभे राहिले. मग म्हणाले, "भामाबाई, माझा हातच मला फशी पाडून गेला. दोघांकडं जाऊन आलो, पुन्हा सभा घ्या म्हनालो. दोघं बी म्हनाले, झाली की एकदा, झकास झाली."

"सभा वंगाळ नव्हती, गुरुजी," भामाबाई म्हणाली. "पुढल्या टायमाला बी घ्या. फकस्त कपाटाला कुलूप लावून या." गुरुजी ओशाळले. वांगी न घेताच गेले.

दुपार चढली तशी सरजाबाई अस्वस्थ झाली. भामाबाईने ओळखलं. गाळ्यांच्या मागच्या भिंतीला एक कोपरा होता. तिने कुठून तरी दोन बांबू आणले, रोवले आणि मला त्यांवर बांधलं. सरजाबाई आत गेली आणि लगेच बाहेर आली. "ह्याच्यातून समदं दिसायलंय की गं."

मी म्हटलं होतं ना, जवळून पाहू नका. उन्हासमोर धरल्यावर माझं खरं रूप उघडं पडलं. इतकी विरळ की पलीकडचा माणूस ओळखू यावा. सत्कारात हे कधी कोणाला कळलं नव्हतं. भामाबाईने मला सोडलं, दुहेरी घडी केली आणि परत बांधलं. आता दिसत नव्हतं, पण मी तोकडी पडले. उरलेली बाजू झाकायला एकेक बाई पाठ करून उभी राहू लागली. आळीपाळीने.

पुढच्या बाजारच्या दिवशी श्रीमंतरावांचा प्रचार तिथून निघाला. माझा सोनेरी काठ त्यांनी लांबूनच ओळखला आणि घोषणा देणाऱ्यांना शेजारच्या गल्लीत वळवलं. संध्याकाळी तनुजाताई आल्या. त्या जवळ आल्या, थबकल्या, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग दिराच्या दुकानाकडे बघून त्याही वळल्या.

निवडणूक होऊन गेली. निवडून कोण आलं ते मी सांगत नाही, कारण दुसरं कोणी आलं असतं तरी त्या कोपऱ्यात आज मीच असते. माझा डाळिंबी रंग उडाला आहे. काठाचे धागे लोंबतात. बायका येतात, जातात, आणि बाहेर आल्यावर तांब्याभर पाणी पितात. सरजाबाई भर दुपारी पाणी पिते, हे पाहिलं की माझी लाज थोडी कमी होते. पूर्ण जात नाही. जिथे भिंत हवी तिथे मी आहे, हे मला माहीत आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना म्हणतात, आम्हाला जपा. मी उलटं मागते. तुमच्या गावातही कधीतरी उमेदवारांना समोरासमोर बसवा, जरूर बसवा. पण कोणी प्रश्न विचारायला उभं राहिलं तर उत्तर येईपर्यंत त्याला उभं राहू द्या आणि त्याच्या खांद्यावर काहीही ठेवू नका. आणि मला मुळीच जपू नका. विटांची चार हात भिंत उभी राहिली की मला सोडा, फाडा आणि त्या भिंतीचा गिलावा पुसायला घ्या.