कन्हानकाठची झोपलेली पेटी

मुलांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. ही गोष्ट १९८७ च्या उन्हाळ्यातली. आज नागपूरच्या इतवारीतल्या भंगाराच्या दुकानात पडले आहे, पण माझा राग अजून गेलेला नाही.

मौद्याच्या वरच्या अंगाला, कन्हान नदीच्या काठी मला बसवलं होतं. पाण्याची उंची सांगणं हे माझं काम. एका बॅटरीवर महिनोन्‌महिने काढायचे, म्हणून एरवी मी झोपलेली असायचे. नागपूरच्या कचेरीतून तारेवर एकामागून एक अक्षरं यायची. पहिल्या अक्षरानं मला जाग यायची, पण ते अक्षर मात्र निसटून जायचं. प्रोग्राम लिहिणाऱ्या कौसल्याबाईंना हे ठाऊक होतं. त्या आधी एक रिकामं अक्षर पाठवत, क्षणभर थांबत, मग प्रश्न विचारत. पाणी चढलेलं दिसलं की मौद्याला फोन जाई आणि कोतवाल नदीच्या रेतीत डांगरवाडी, म्हणजे खरबुजांची वाडी, लावणाऱ्यांना बाहेर बोलावी.

एकदा वरून पाहुणे यायचे होते. कचेरीचे मुख्य मनोहरराव साहेब म्हणाले, "बाई, हे रिकामं अक्षर काहून पाठवून राहिल्या?"

"साहेब, ते झोपली असते. तिले उठू तर द्या."

"मग चहा बी पाजा तिले. काढा ते. पाहुण्यांसमोर झटकन उत्तर पाहिजे."

ते अक्षर काढलं गेलं. पाहुण्यांच्या जरा आधी साहेबांनी मला एकदा विचारून पाहिलं होतं. त्यामुळे ते आले तेव्हा मी जागी होते आणि झटकन बोलले. टाळ्या वाजल्या, त्या साहेबांना.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीवरच्या धरणाचं पाणी सुटलं. कौसल्याबाई जेवायला गेल्या होत्या. साहेबांनी प्रश्न पाठवला. मी जागी झाले, पण प्रश्नाचं डोकं तुटलेलं होतं. तुटक्या प्रश्नाला मी काय सांगणार? लगेच पुन्हा विचारलं असतं, तर मी बोलले असते. साहेब म्हणाले, "बिघडली साली," आणि पंख्याखाली जाऊन बसले.

खाली रेतीत वाडी लावलेली जयवंता पिकलेली खरबुजं टोपलीत भरून राहिली होती. पाणी तिच्या घोट्याला लागलं, तेव्हा तिला कळलं. लेकरू काखेत मारून ती कशीबशी काठावर आली. वाडी, झोपडी, दोन्ही शेळ्या वाहून गेल्या.

चौकशीत ठरलं, दोष पेटीचा. मला उखडून काढलं.

माझ्या जागी आलेल्या नव्या पेटीसाठी कौसल्याबाईंनी ते रिकामं अक्षर पुन्हा घातलं. पुढे त्यांची बदली अकोल्याला झाली. मनोहररावांना बढती मिळाली, आणि सक्करदऱ्याला त्यांनी घर बांधलं. जयवंता पुन्हा रेतीत उतरली नाही. इथंच, इतवारीत, दुसऱ्याची खरबुजं विकत राहिली.

मुलांनो, गप्प असलेल्याला बिघडलेला म्हणू नका. आधी हाक मारा, थांबा, मग विचारा. मी झोपले होते, मेले नव्हते.