यादीतलं पहिलं नाव

"ती 'निवडा'ची ओळ का काढलीस गं?" शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याने विचारलं.

"उगाच जागा अडवते," कॉम्प्युटरवाली म्हणाली. धडधडीत खोटं बोलली.

सगळं हॉस्पिटल तिला कॉम्प्युटरवालीच म्हणायचं. तळमजल्यावरच्या खोलीत बसून ती ऑनलाइन फॉर्म बनवायची. आज तक्रारीचा फॉर्म होता. 'तक्रार कोणाविरुद्ध?' इथे क्लिक केलं की नावांची यादी खाली उघडणार. अशी यादी हाताने लिहावी लागत नाही. त्यासाठी हेल्पर म्हणून एक तयार सोय असते. तिला कर्मचाऱ्यांचा तक्ता द्यायचा, क्रम सांगायचा, की ती मुकाट्याने यादी बांधून देते. फक्त सगळ्यात वर 'निवडा' अशी कोरी ओळ ठेवायला सांगावं लागतं. नाही सांगितलं तर पहिलंच नाव आपोआप निवडलं जातं, आणि घाईतला माणूस बटण दाबून मोकळा होतो. नवशिके ही चूक विसरून करतात, हिने ठरवून केली. क्रम लावला नोकरीच्या वर्षांप्रमाणे. पहिले आले मोठे डॉक्टर.

दोन वर्षांपूर्वी तिच्या बाबांच्या छातीत कळा येत होत्या आणि याच डॉक्टरांनी त्यांना बाकावर बसवून ठेवलं होतं. ती हातापाया पडली. "तुम्ही काय आभाळातून पडलात? बसा तिथे," म्हणाले आणि चहाला निघून गेले. बाबा बाकावरच गेले. शेवटचं पाणी पाजलं ते मोठ्या सिस्टरांनी. पुढे इथल्या नोकरीची जाहिरात आली तेव्हा आई म्हणाली, "घे. आणि त्याला सोडू नकोस."

नाहीच सोडलं. पंखा फिरत नाही, लिफ्ट बंद, संडास तुंबला, सगळं डॉक्टरांच्या नावावर चढत गेलं. मजकूर वाचतो कोण? वरचे साहेब नुसता आकडा बघायचे. चार महिन्यांत तीनशे तक्रारी झाल्या आणि डॉक्टरांना सक्तीच्या रजेवर पाठवलं.

"मेल्याची जिरली!" आई टाळी देत म्हणाली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच दोघी पोट धरून हसल्या.

त्या आनंदाच्या भरात साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. डॉक्टर रजेवर गेले, त्यांचं नाव तक्त्यातून निघालं आणि यादी एक घर वर सरकली.

महिन्याभराने मोठ्या सिस्टर नोटिशीचा कागद घेऊन खाली आल्या.

"पोरी, समजावून सांग गं मला. पस्तीस वर्षांत एक तक्रार नाही, आणि एका महिन्यात ऐंशी? लिफ्ट म्हणे मी बंद पाडली!" त्या हसायला गेल्या आणि रडल्या. "सहा महिन्यांनी रिटायर व्हायचंय. असं तोंड काळं करून जाऊ का?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फॉर्म दुरुस्त करणं मिनिटाचं काम होतं. पण त्या ऐंशी पुसायच्या तर त्या आल्या कशा हे सांगावं लागणार, आणि मग डॉक्टरांच्या तीनशेही पुसल्या जाणार. तिने आईला फोन लावला.

"सिस्टरचं बघू मागाहून," आई म्हणाली. "त्याला परत आणलंस तर मला तोंड दाखवू नकोस."

तिने फोन ठेवला. मग उठली आणि साहेबांकडे जाऊन सगळं सांगून आली.

सिस्टरांची नोटीस रद्द झाली. हिची नोकरी गेली. सोमवारी ती राहिलेलं सामान घेऊन निघाली, तर समोरून डॉक्टर येत होते, हातात गुच्छ, मागे चार माणसं. दारापाशी मोठ्या सिस्टर उभ्या होत्या.

"काय हो सिस्टर, माझ्यावर एवढा डूख धरणारी ती बाई होती तरी कोण?" डॉक्टरांनी हसत विचारलं.

"मी," कॉम्प्युटरवाली म्हणाली. "तुम्ही बाकावर बसवून ठेवलेल्या पेशंटची मुलगी."

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. आठवून बघितलं. खरोखरच बघितलं.

"कुठला पेशंट?"

तिने बाबांचं पूर्ण नाव सांगितलं, आणि डॉक्टर ते स्वतःच्या तोंडाने म्हणेपर्यंत दारातून हलली नाही.