किसनरावाच्या यात्रा मोटारीचा भोंगा

मी एक जुना पितळी भोंगा आहे. आणि मित्रांनो, छातीठोकपणे सांगतो, माझ्या आवाजावर विसंबून आजवर एकही माणूस फसला नाही. फसले ते एकदम बारा.

हिंगोलीच्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं. किसनरावानं मला आपल्या यात्रा कंपनीच्या मोटारीवर बसवलं. माझा रबरी फुगा दाबला की बाजारातल्या शेळ्या दावं तोडून पळायच्या!

शिवरात्र जवळ आली. गोजरबाईचं लेकरू मोठ्या तापातून उठलं होतं. शिवरात्रीला दिवस मावळायच्या आत त्याला औंढ्याच्या नागनाथापुढं घालायचं, असा तिचा नवस. ती गाववाल्यांना घेऊन मोटार पाहायला आली.

बैलांचे पारखी उकंडराव पुढं झाले. त्यांनी मोटारीच्या तोंडावरच्या जाळीचे दात मोजले. हँडल शेपटीसारखं पिळलं. मोटार ढिम्म!

"गरीब जनावर हाय," ते म्हणाले. "लाथ मारत न्हाई."

तांड्यावरचा वसराम हसला. "मामा, आमी वझं लादून कोसभर चालवतो, मंग बैल घेतो. हिला चालवून दाखवा की."

"यात्रेआधी चालवली तर पुण्य कमी होतं," किसनराव म्हणाला.

"मागल्या साली कोण गेलतं? त्यायला इचारते," गोजरबाई म्हणाली.

"बाई, ते इतके खूश झाले, अजून परतलेच न्हाईत!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. वर मी असा गरजलो की गोजरबाईचीही शंका उडाली. मित्रांनो, तिचा सवाल बराबर होता. जवाब ऐकल्यावर उठून जायचं असतं.

शिवरात्रीला निघालो! काय थाट! चढावर लोक उतरून ढकलायचे, उतारावर धावून पकडायचे. वसराम बैलगाडी घेऊन मागं होता. "बैल लागतील," एवढंच म्हणायचा.

दुपार कलली. देवळाचा कळस दिसला, आणि मोटार कायमची बंद पडली.

"कुणी पायी जायचं न्हाई! कंपनीची इज्जत जाईल!" किसनराव ओरडला. त्यानं वसरामचे बैल मोटारीला जुंपायला लावले.

"तुमची इज्जत तुमी सांभाळा, माजा नवस मी सांभाळते," असं म्हणून गोजरबाईनं लेकरू काखोटीला मारलं आणि चालू लागली.

बाकीचे बसून राहिले. बैल मोटार ओढत औंढ्याच्या वेशीपाशी आले, तसं किसनरावानं मला जोरात दाबलं. बैल उधळले.

गोजरबाईचं दर्शन दिवस मावळायच्या आत झालं. मोटार देवळावरून पुढं गेली आणि तळ्यात थांबली.