पाण्याचं काम कुणी केलं

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा उघडलं, दोनदा बंद केलं. कारण यात मी काही बरा दिसत नाही. पण बसलोच आहे तर सरळ सांगतो.

मी गेम पोर्ट करतो. म्हणजे बनवत नाही. बनवतात दुसरे, मोठ्या कंपनीत. तो येतो एका कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या डब्यावर, आणि फक्त त्याच कन्सोलवर. एक्सक्लुझिव्ह. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. मग कधीतरी त्यांच्या मनात येतं, पीसीवाल्यांनाही देऊन टाकू. तेव्हा तो पीसीवर चालेल असा करायला आमच्याकडे येतो. आमचं ऑफिस एका दातांच्या दवाखान्याच्या वर. खालून ड्रिलचा आवाज, वर आम्ही आठ जण. एका माणसाच्या मापाचा शर्ट उसवायचा आणि गावातल्या प्रत्येकाला बसेल असा शिवायचा, असलं ते काम. बसला तर कौतुक शिंप्याचं नाही. उसवला तर शिव्या मात्र शिंप्यालाच.

हा गेम नदीचा होता. एक बाई होडी घेऊन बुडालेल्या शहरात भावाला शोधत फिरते. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाणी.

पाणी होतं पाणक्याकडे. नाव त्यावरूनच पडलं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, लग्न झालेला, पण अरे-तुरे. मी कॉलेज केलेलं नाही, जे येतं ते धडपडून शिकलेलं, आणि त्यातलं निम्मं याच्या शेजारी बसून. माझ्याकडे बटणं होती. कन्सोलवर ‘गोल दाबा’, ‘चौकोन दाबा’ असं येतं, पीसीवर तिथे कीबोर्डचं अक्षर दाखवावं लागतं. चारशे बारा ठिकाणी. म्हणून मी ‘बटण’. “ए बटण, चहा सांग” अशी माझी किंमत.

पाण्याची भानगड अशी. कन्सोल म्हणजे एकच डबा, सगळ्यांच्या घरी सारखा. त्यामुळे पाणी कसं चमकवायचं याची तयारी आधीच करून देता येते. पीसी प्रत्येकाचा वेगळा. तिथे पाणी पहिल्यांदा दिसलं की मशीन विचारात पडतं आणि गेम अर्धा सेकंद अडकतो. आम्ही त्याला उचकी म्हणायचो. पहिल्या महिन्यात तर पुलाखालून होडी नेली की उचकी, वळवली की उचकी.

“कुणीतरी आठवण काढतंय बाईची,” मी म्हणायचो.

“भाऊच काढत असेल. सापडत नाही ना अजून,” पाणक्या म्हणायचा आणि पुन्हा पुलाखाली जायचा.

त्याच्या टेबलावर अकरा कॉम्प्युटर होते. सगळ्यात जुना होता त्याचं नाव सासरा, कारण तो कशावरच खूश नसायचा. प्रत्येकावर तोच पूल, तीच होडी, आणि उचकी लागली की कागदावर पेनाने एक रेघ. सुरुवातीला कागद भरून जायचे. आठ महिन्यांनी एका दुपारी त्याने मला हाक मारली. सासऱ्यावर होडी चालू होती. पूल गेला, घाट गेला, अख्खं बुडालेलं शहर गेलं. कागद कोरा. पाणक्या उठला, तोंड धुऊन आला.

गेम पीसीवर यायला चाळीस दिवस राहिले होते तेव्हा मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या लीड, टीमच्या प्रमुख.

“आणखी एक वर्ष गेम त्यांच्याच डब्यावर राहणार आहे,” त्या म्हणाल्या. “कन्सोल कंपनी आणि वरच्यांचा, गेम बनवणाऱ्यांचा, करार झाला.”

“पण मॅडम, आपलं तयार आहे,” पाणक्या म्हणाला.

“तयार आहे म्हणूनच तर थांबवता येतंय.”

वर्षभर आठ जणांना कोण बसवून ठेवणार? तिघं ठेवले, पाच गेले. मी राहिलो. कारण कन्सोलवर दर थोड्या दिवसांनी अपडेट यायची, त्यात बटणं बदलायची, ती आमच्याकडे आणायला कुणीतरी हवं होतं. पाण्याला काहीच करावं लागत नव्हतं. इतकं चोख केलं होतं की करणाऱ्याची गरजच संपली.

“दोन-चार उचक्या ठेवायला हव्या होत्या रे,” पाणक्या सामान भरताना म्हणाला. हसतच म्हणाला.

ते वर्ष कसं गेलं विचारू नका. जेवायला कुणी येणार नाही हे माहीत असताना रोज ताट वाढून ठेवायचं. अपडेट आली, उतरवली, तपासली, कपाटात ठेवली. पाच टेबलं रिकामी. खाली ड्रिल.

आता गेम खरंच येतोय. वीस तारखेला. गेल्या मंगळवारी दुपारी मॅडमनी क्रेडिट्सची यादी पाठवली. गेम संपल्यावर खालून वर सरकतात ती नावं. ‘आपला भाग बघ आणि बरोबर म्हणून कळव. सोमवारी बाराला यादी बंद.’

बघितली. माझं नाव होतं. मोठ्या कंपनीतल्या लोकांना त्या काळात झालेल्या बाळांची नावं होती. त्यांच्या ऑफिसातल्या कुत्र्याचं नाव होतं. ‘पीसी, पाणी’ याच्यापुढे त्याच मोठ्या कंपनीतल्या एकाचं नाव होतं. त्याने गेल्या वर्षभरात पाण्याच्या फोल्डरचं नाव बदललं होतं. तेवढंच.

पाणक्या नव्हता. गेलेले पाचही नव्हते. नियम आहे तसा, आमच्या धंद्यात बऱ्याच ठिकाणी असतो. गेम येईल त्या दिवशी जो नोकरीत, त्याचं नाव.

मी ते बघितलं. नजरेतून सुटलं असं नाही. तीन-चार मिनिटं बघत बसलो. मग ‘बरोबर’ लिहून पाठवलं.

भीती होती म्हणून नाही. भीती असती तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. कंटाळा आला होता. विचारायचं म्हणजे मेल, मेलला उत्तर, मग मीटिंग, मग मॅडमचा चेहरा. आठवड्यात तिसऱ्यांदा अख्खा गेम खेळून झाला होता, डोळे चुरचुरत होते. म्हटलं, जाऊ दे.

गुरुवारी पाणक्याचा फोन. तो सध्या प्रिंटर कंपनीच्या मदत-केंद्रात बसतो. दिवसभर लोकांना सांगतो, बंद करून परत चालू करा.

“अरे, एका स्टुडिओत बोलणं झालंय,” तो म्हणाला. “पाण्याचाच माणूस हवाय त्यांना. मी म्हटलं, केलंय मी, पण दाखवू शकत नाही, गुप्ततेच्या कागदावर सही आहे. ते म्हणाले हरकत नाही, वीस तारखेला गेम येतोय, क्रेडिट्समध्ये नाव बघतो आणि लगेच नोकरीचं पत्र देतो. आहे ना रे नाव?”

“असेल की,” मी म्हणालो.

असेल की! यादी माझ्यासमोर उघडी होती.

शनिवारी त्याच्या घरी गेलो. दार वहिनींनी उघडलं.

“या बटणराव. फोन लागत नव्हता की काय, स्वतः आलात?”

पाणक्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कोबी चिरत होता. मी बसलो. पाणी प्यायलो. मग एका दमात सगळं सांगितलं, कुत्र्यासकट. ‘बरोबर’ लिहिल्याचंही. तो चिरतच राहिला. अर्धा कोबी संपला.

“कुत्र्याचं नाव काय आहे?” त्याने विचारलं.

सांगितलं.

“बरं आहे. लांब नाही.”

वहिनी मागे उभ्या होत्या. “तुम्ही बघितलं, आणि तरी बरोबर म्हणालात?”

“हो वहिनी.”

“गुरुवारी हे घरभर नाचत होते हो.” त्या एवढंच म्हणाल्या आणि बाहेरच्या खोलीत गेल्या. दोन शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

येताना मी एक उपाय काढला होता. तो बाहेर काढला. “ऐक. बटणांची चित्रं माझ्याच हातात आहेत. एक चित्र जास्तीचं टाकतो. तिसऱ्या भागात जी उलटी होडी आहे ना, तिच्या बुडाला तुझं नाव. कुणाला कळणार नाही.”

“कुणाला कळणार नाही, तर उपयोग काय?” त्याने सुरी खाली ठेवली. “स्टुडिओवाल्यांना काय सांगू? साहेब, तिसऱ्या भागात डावीकडे वळा, दम धरून खाली पोहा, तिथे माझी लायकी लिहिली आहे?”

मला हसू आलं. त्यालाही. मग दोघांचंही थांबलं.

“मग माझं नाव काढायला सांगतो,” मी म्हटलं. “तुझं नाही तर माझंही नको.”

“ए, नाटकं नकोत. तुझं नाव गेल्यावर माझं येणार आहे का? तुझी चारशे बारा बटणं तूच केलीस ना? मग राहू दे की.” त्याने चिरलेला कोबी पातेल्यात लोटला. “मला एकच सांग. कुणी विचारलं का त्यांना? एकदा तरी? की हा माणूस कुठे गेला?”

“नाही.”

“मग नियम आहे की नाही हे तरी कुणाला माहीत! सगळे आपापलं नाव बघून बरोबर म्हणत असतील. मीही म्हटलं असतं कदाचित. आधीच्या गेममध्ये म्हटलंही असेल, आठवत नाही.”

हे मला सगळ्यात जास्त लागलं. कारण ते त्याने मला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता.

“सोमवारी बाराला बंद होते यादी,” मी म्हणालो. “दहाला सगळ्यांची मीटिंग असते. वरचे लोकही असतात स्क्रीनवर.”

“त्यांच्यासमोर बोलशील? की मॅडमना बाजूला घेऊन, हळूच?”

“हळूच सांगितलं तर हळूच नाही म्हणतील.”

“आणि चिडल्या तर?”

“चिडू देत.”

“नोकरी सांभाळ. मला प्रिंटर आहेत, तुझ्याकडे तेही नाहीत.”

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हात बांधून. त्या पाणक्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

म्हणून त्या दोघांसमोर बोललो, आणि आता इथे लिहूनही ठेवतो, म्हणजे पलटायला जागा राहणार नाही. सोमवारी दहाच्या मीटिंगमध्ये, मॅडमनी सुरुवात करायच्या आत, मी म्हणेन की मंगळवारी मी बरोबर लिहिलं ते चूक होतं. पाण्याचं काम कुणी केलं ते नाव घेऊन सांगेन. पाचही नावं घेईन. त्यावर त्या हो म्हणोत, नाही म्हणोत, जे काय म्हणतील ते त्याच दिवशी तुझ्या घरी येऊन, तुझ्यासमोर उभं राहून सांगेन, पाणक्या.